आणखी मागं सरा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते फोटो काढायचं. काढला म्या, पण हुकूम तिचा.

पुण्याला दिलेली लेक फोनवर म्हणली होती, औंदा हरभरा कसा आलाय, फोटो धाडा. दुपारची भाकर खाऊन आम्ही रानातच होतो. पोराचा जुना मोबाईल माझ्या खिशात. मी म्हणलं, "हुबी ऱ्हा तिथंच, तुझाच काढतो." ती हरभऱ्याचे डहाळे उपटत होती. हात लुगड्याला पुसले, पदर सारखा केला आणि म्हणली, "नुसतं माझं थोबाड नगं. पोरीला रान दिसलं पायजे. मागं सरा."

सरलो.

"आणखी मागं सरा. हिरीवरचा लिंब येतो का त्यात?"

"न्हाय."

"मग सरा की. कुणी धरलंय का तुमाला?"

मागं सरत सरत बांधावर चढलो. पाठीला ज्वारी लागली. तिथनं मात्र सगळं आलं. हरभऱ्याचं मोकळं रान, विहीर, लिंब, वर आभाळ. ती एका कडंला, दाण्याएवढी, विहिरीकडं बघत. माझ्या जवळचं ज्वारीचं एक कणीस वाऱ्यानं हलून मधी आलं. फोटोत ते तिच्यापेक्षा मोठं दिसतं. मी दाबलं तेव्हा ती हसली. आवाज आला म्हणून कळलं, एवढ्या लांबनं तोंड माझ्या डोळ्याला दिसत न्हाय. कशाला हसली ते घरी गेल्यावर इचारू म्हणलं.

त्याच सांजंला तिच्या छातीत कळ आली. जीपमधनं उमरग्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. इचारायचं ऱ्हायलं.

तेराव्याला भिंतीवर फोटो पायजे, म्हणून परत उमरग्याला गेलो, फोटोवाल्याकडं. मला तिचं तोंड पायजे होतं, एवढंच. लग्नाचा फोटो होता तो भूकंपात घरासंगं गेला. त्यानंतर तिचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. त्यात ती अशी दिसते जशी कुणी कोंबडी चोरताना धरली.

फोटोवाल्यानं रानातला फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि तिला मोठी करत गेला. जरा मोठी झाली तवर बाई होती. आणखी मोठी केली तर नुसते चौकोन, फरशी बसवल्यावानी. डोळा कुठला, नाक कुठलं, काय कळंना.

"आबा, जवळ जाऊन काढायला पायजे होता," तो म्हणला. "आधी माणूस, मग रान."

"तिनंच मागं सरायला लावलं."

"एक करतो. आधारवरचं तोंड घेतो, खाली तयार पैठणी बसवतो, मागं गुलाबाची झाडं. कुणाला कळणार न्हाय."

"पैठणी तिनं जन्मात नेसली न्हाय. पाहुणे इचारतील, ही दुसरी कवा केली?"

तो हसला. मग म्हणला, "मग ही एका बाजूची मोकळी जागा तरी कापतो. त्या मधोमध येतील, जरा मोठ्या दिसतील."

"तिकडंच ती बघायलीय," मी म्हणलं. "ते कापलं तर बघंल कशाकडं?"

त्यानं परत नीट बघितलं. "व्हय. बघणाऱ्याच्या म्होरं जागा सोडावी लागते, ती तुमी सोडलीय. आबा, फोटो म्हणून हा लई चांगला हाय. पण भिंतीवर लावायचा न्हाय हा."

"लाव," मी म्हणलं. "आहे तसा मोठा कर."

तेराव्याला तो भिंतीवर चढला. आलेली माणसं हार घातलेल्या फोटोम्होरं हात जोडायची आणि हळूच एकमेकाला इचारायची, "यात बाई कुठं हाय?" मी बोट दाखवत बसलो. दिवसभर तेच काम.

नवरा असताना गेलेली बाई, म्हणून फोटोला कुंकू लावायचं असतं. सगळी पांगल्यावर लेकीनं बोट बुडवलं आणि काचेवर टेकवलं. बोट काढलं तर आई न्हाय. लाल टिकल्याखाली सगळीच झाकली, पायापासनं डोक्यापर्यंत. पोर तशीच बोट वर धरून हुबी. मग रडायला लागली. "आबा, मग मी कुठं लावू?"

मी म्हणलं, असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लेक उठायच्या आधी, आंघोळ केली. ओल्या फडक्यानं काच पुसली. चष्मा लावला. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंकवात बुडवली आणि स्टुलावर चढलो. तिच्या कपाळावर टेकवायला गेलो, पण कपाळ हुकलं. काडी टेकली ती तिच्या म्होरल्या मोकळ्या रानात, ती बघायलीय तिथं.

पुसलं न्हाय.

खाली उतरलो. लांबनं कसं दिसतं म्हणून मागं सरलो. आणखी मागं. दाराला पाठ लागली. तिथनं कुंकू दिसत होतं, ती न्हाय. तसाच परत भिंतीकडं गेलो, आणि काचेला नाक लागेपर्यंत जवळ जाऊन हुबा ऱ्हायलो.