शेवट नसलेली साक्ष

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी उपदेशाआधी साक्षी होतात. बाहेरच्यांना साक्ष म्हटलं की कोर्ट आठवतं. आमच्यात साक्ष म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की प्रभूनं आपल्यासाठी काय केलं. तिचा साचा ठरलेला आहे. आधी संकट, मग रडणं, मग गुडघ्यांवर येणं आणि शेवटी सुटका. सुटकेचं वाक्य आलं की अख्खा हॉल 'हालेलुया' म्हणतो आणि सांगणारी डोळे पुसत खाली बसते. कुणाचा ताप उतरतो, कुणाचं रखडलेलं लग्न ठरतं. ज्याची सुटका झालेली नसते तो उठतच नाही. अशी माणसं कुठं बसतात हे मी इतकी वर्षं बघितलंच नव्हतं. ती मागच्या ओळीत बसतात, जिथं पंख्याचा वारा पोचत नाही. आता मीही तिथंच बसते.

आम्ही रहाटणीत भाड्याच्या खोलीत राहतो. नवरा कंपन्यांच्या शेडवर पत्रे चढवायची कामं करायचा. एका शेडवरून पडला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. हात राहिले आणि तोंड राहिलं. तोंड तर असं राहिलंय की विचारू नका, पडल्यापडल्या दिवसभर मला चिडवत असतो. त्याच्या अपघातानंतर मी चाकणला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या कंपनीत कंत्राटी म्हणून लागले. काळेवाडी फाट्यावरून कंपनीची बस पकडायची, दिवसभर मशीनवर बसायचं आणि परत येऊन त्याचं सगळं करायचं. रविवारी कासारवाडीला उपासना. हॉल रेल्वे लाइनला लागून आहे, गाडी धडधडत गेली की पाळकसाहेब वाक्य अर्ध्यात थांबवतात आणि गाडी गेल्यावर पुढं चालू करतात.

कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर आमच्याच मंडळीतली एक बाई होती, माझ्यापेक्षा लहान, एका मुलीची आई. नवरा तिला टाकून गेलेला. मला ताई म्हणायची, माझ्या नवऱ्याला दाजी. माझी शिफ्ट बदलली आणि तिला सुट्टी असली, की येऊन त्याच्याजवळ बसायची, त्याला उठवून पाणी द्यायची, त्याची चेष्टा ऐकून घ्यायची. तो तिला मेव्हणी म्हणून इतकं छळायचा, की ती हसून हसून लोळायची. अपघातानंतर त्याचे मित्र एकेक करून यायचे बंद झाले होते. ही मात्र येत राहिली. ती आली की खोलीत जरा जीव यायचा.

आईनं आम्हा बहिणींना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. देह हे देवाचं घर आहे, ते स्वच्छ ठेवायचं, उपाशी मरायची वेळ आली तरी ते भाड्यानं द्यायचं नाही. आम्ही मान खाली घालून ऐकायचो आणि मागून हसायचो. पण ते अंगात भिनलं होतं. आमच्या लाइनचा सुपरवायझर सुरुवातीला नुसता बोलायचा. पुढं शिलाईत चूक निघालेली कव्हरं दाखवायच्या निमित्तानं बायकांना एकेकटीला फोमच्या खोलीत बोलवायला लागला. काहीजणी जाऊन आल्या की दिवसभर मान वर करायच्या नाहीत. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझं नाव पुकारलं. मी गेले. तो हसत म्हणाला, "तुम्ही ख्रिश्चन लोक तर मोकळे असता ना राव, तुमच्यात काय एवढं." आणि माझ्या कमरेत हात घातला.

तुमच्यात काय एवढं! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. मी त्याला दोन्ही हातांनी ढकललं, तो फोमच्या थप्पीवर आदळला आणि अख्खी थप्पी त्याच्या अंगावर आली. हसावं तसा प्रकार, पण मला हसू आलं नाही. मी वळले तर दारात नवऱ्याची ती मेव्हणी उभी, हातात कव्हरांचा गठ्ठा. तिनं सगळं पाहिलं होतं. तिची नजर माझ्या नजरेला मिळाली, मग ती गठ्ठा तिथंच ठेवून निघून गेली.

मी तक्रार केली. लोक म्हणाले, कशाला नसती भानगड, गप मूग गिळून बस. मला नाही जमलं. कंपनीत बायकांच्या तक्रारींसाठी कमिटी असते, तिच्यासमोर मला उभं केलं. सुपरवायझर म्हणाला, हीच माझ्या मागं लागली होती, नोकरीत कायम करा म्हणून, मी नाही म्हटलं म्हणून आता आळ घेतेय. बाहेरून आलेल्या एक मॅडम होत्या, त्यांनी मला विचारलं, "कुणी साक्षीदार आहे का?" मी छाती पुढं काढून म्हटलं, "आहे. माझ्या मंडळीतलीच आहे." मला वाटलं, जी बाई दर महिन्याला शेकडो माणसांसमोर उभी राहून साक्ष देते, तिला चार माणसांसमोर काय जड आहे?

तिला आत बोलावलं. ती लगेच बाहेर आली. काय सांगितलं ते मला मॅडमकडून कळलं. तिनं सरळ कानांवर हात ठेवले होते. म्हणे मी तिकडं गेलेच नव्हते. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, पण उतरताना जवळ आली आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, माझी पोरगी आहे हो. कायम करायची नावं निघायचीत. मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते." बाई गं, ते ऐकून मला रडावं की तिच्या कानाखाली काढावी, हेच कळेना. मी हात सोडवून घेतला आणि खोलीवर आले.

पुढच्या आठवड्यात मला ब्रेक मिळाला. सिनेमात म्हणे ब्रेक मिळाला की माणसाचं नशीब उघडतं. चाकणला कंत्राटी माणसाला ब्रेक दिला म्हणजे उद्यापासून येऊ नकोस. कारण कुणी सांगत नाही, गेटवर कार्ड चालत नाही तेव्हा कळतं.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं, एक सोडून. पाहणारी कोण, ते नाही सांगितलं. लाइनवरची एक बाई, एवढंच म्हटलं. त्याच्याकडं बाहेरचं येणारं माणूस एकच उरलं होतं, तेही मी कसं तोडू? तो रात्रभर तळमळला. स्वतःच्या पायांवर बुक्क्या मारत होता. सकाळी शांत झाला आणि त्या दिवसापासून रोज तेच मागायला लागला. डोळे मिटून, हात वर करून म्हणायचा, "प्रभू, जिनं पाहिलं तिचं तोंड उघड. माझ्या बायकोचं नाव धुऊन काढ." आणि थांबायचा. मी आमेन म्हटल्याशिवाय तो डोळे उघडत नाही, ही त्याची जुनी खोड आहे. मेव्हणी बाजूला बसलेली असली तरी तो हे मागायचा. तीही आमेन म्हणायची. हो, म्हणायची! मी भांडी घासत तिच्याकडं पाठ करून उभी असायचे.

नाव धुऊन निघायचं तर लांबच. बसमधून गोष्ट मंडळीत पोचली, आणि पोचेपर्यंत तिची पार उलटी झाली. मी सुपरवायझरबरोबर खोलीत सापडले, म्हणून काढली, असं. आता सांगते, माझ्याकडं प्रभुभोजनाच्या मेजाची सेवा होती. पांढरी चादर धुऊन इस्त्री करायची, भाकरीचे बारीक चौकोन कापायचे, छोट्या पेल्यांत द्राक्षरस भरायचा. लग्न झाल्यापासून मी ते करत होते. एका शनिवारी पाळकसाहेब घरी आले, नवऱ्यासाठी प्रार्थना केली आणि जाताना दारात मला हळू आवाजात म्हणाले, "ताई, थोडे दिवस मेजाची सेवा दुसऱ्या कुणी केली तर बरं. तुम्ही काही चुकलात असं मी म्हणत नाही. पण लोकांच्या विश्वासाला अडखळण होतंय."

मी म्हटलं, "पाळकसाहेब, मी होय म्हटलं असतं तर आज कायम असते आणि मेजाची सेवाही माझ्याचकडं असती. कुणाला कळलंही नसतं." ते चपला घालत राहिले. चांगला माणूस आहे, पण चांगल्या माणसांना मंडळी सांभाळावी लागते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले.

त्यानंतरचे महिने कसे काढले ते माझं मला माहीत. हिंजवडीला एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. जाताना कॅबच्या रांगेत बस अडकून पडायची आणि मी खिडकीशी बसून देवाशी भांडायचे. ऐकतोस ना? का तुझीही शिफ्ट बदलली? घर स्वच्छ ठेव म्हणालास, ठेवलं. मग माझ्याच दारात एवढी घाण का? एवढं भांडूनही उत्तर यायचं नाही. कधी कधी तर भांडायचीही ताकद नसायची, नुसतं डोकं काचेला टेकून बसायचे. खरं सांगते, तेव्हा मला मरावंसं वाटायचं. मग वाटायचं, नवऱ्याला कुशीवर कोण वळवणार?

तरी रविवार चुकवला नाही. का, ते विचारू नका. मला नीट सांगता येत नाही. देवाला सोडून जायचं तर जायचं कुठं, एवढंच यायचं मनात. मागच्या ओळीत बसायचे, माझ्या जागी दुसरी बाई चौकोन कापायची. मोठे कापायची, चुरा पडायचा.

आणि मग तो रविवार आला. पाळकसाहेबांनी साक्षीला कोण आहे विचारलं आणि मेव्हणी उठली. नवी साडी होती. म्हणाली, किती दिवस मी रडत होते, झोप नव्हती, माझ्या लेकराला घेऊन गुडघ्यांवर आले, आणि प्रभूनं माझं ऐकलं. मी कायम झाले. हॉल 'हालेलुया' म्हणाला. ती पुढं म्हणाली, "आणि आपली एक बहीण फार संकटात आहे. तिच्यासाठीही प्रार्थना करा." सगळ्यांच्या माना हळूच मागं वळल्या.

"आणखी कुणी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी उठले. कशी उठले ते कळलं नाही, खुर्ची वाजली तेव्हा समजलं की उभी आहे. मेव्हणीचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं माझ्या जिभेवर होतं, फोमची खोली, दार, गठ्ठा. पण साक्ष सुरू होते ती ठरलेल्या शब्दांनीच, तोंडाला सवय झालेली असते. माझ्या तोंडून आलं, "मला प्रभूनं..."

आणि पुढं काही येईना. सगळे क्रियापदाची वाट बघत होते. वाचवलं, दिलं, बरं केलं, सोडवलं. मला प्रभूनं काय केलं होतं? तिला माफ केलं होतं म्हणून गप्प राहिले असं कुणी समजू नये. माफ बिफ काही केलं नव्हतं. पण ते वाक्य प्रभूच्या नावानं सुरू झालं होतं, त्याच्यापुढं तिचं नाव मला लावता येईना. आणि खोटी सुटका सांगायची तर आईनं शिकवलेलं आठवत होतं, घर स्वच्छ ठेवायचं, आणि जीभही त्याच घरातली. बाहेर गाडी आली. ती सगळी जाईपर्यंत मी तशीच उभी होते. गाडी गेल्यावर पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आमेन. बसा ताई." मी बसले.

घरी आले तर तो वाटच बघत होता. रविवारी त्याला सगळं सांगावं लागतं, कोण आलं, काय गायलं, उपदेश किती लांबला.

"साक्षीला कोण उठलं गं?"

मी त्याच्या पाठीखाली उशी सरकवत म्हटलं, "तुमची मेव्हणी."

"काय म्हणाली?"

"कायम झाली."

"हालेलुया!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या खोलीतलं पोर रडायला लागलं. दोन्ही हात त्यानं वर नेले होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघ, ऐकतो की नाही तो! गरीब बिचारी, लेकरू घेऊन एकटी राहते. आता आपलंही ऐकणार, बघ तू." आणि हात तसेच वर ठेवून त्यानं डोळे मिटले. आधी तिच्यासाठी आभार मानले, तिचं नाव घेऊन, तिच्या मुलीचं नाव घेऊन. मग आवाज खाली आला. "आणि प्रभू, जिनं पाहिलं तिचं तोंड उघड."

तो थांबला. डोळे मिटलेले, हात अजून वरच.

मी आमेन म्हटलं.