पुराव्याच्या चादरी

घरातली एखादी वस्तू बिघडली की ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. लोक लग्नाची पत्रिका आली की पिशवी भरतात. मामा कुणाचा मिक्सर जळाला, कुणाच्या कुकरची शिट्टी उडाली असं कानावर आलं की पिशवी भरतात. कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरुमच्या बाजारातलं धान्याचं दुकान मुलांच्या हाती दिल्यापासून त्यांचा हाच उद्योग आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, स्वच्छ धोतर, खांद्याला कापडी पिशवी अशा थाटात ते नात्यागोत्यातल्या बिघडलेल्या वस्तूंना न्याय मिळवून देत जिल्हाभर हिंडतात. कुठल्याही नातलगाकडे गेले की पाणी पिण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून विचारतात, "सगळं नीट चाललंय नव्हं?" आणि सगळं नीट चाललेलं असलं की जरा हिरमुसतात.

त्यांच्या लढण्याच्या पद्धती त्यांच्या स्वतःच्या आहेत. तक्रार फोनवर करायची नाही, ही पहिली. "फोनवर माणूस हसतंय का दात खातंय कळत न्हाय. तोंडाला तोंड पायजे." त्यामुळे बिघडलेली वस्तू घेऊन ते स्वतः जातात. एकदा त्यांनी घेतलेल्या अगरबत्तीनं डास मरेनात. मामांनी डास बरणीत धरले, झाकणाला भोकं पाडली आणि बरणी मांडीवर घेऊन एसटीनं थेट सोलापूर गाठलं. वितरकाच्या टेबलावर अगरबत्ती लावून धूर बरणीत सोडला आणि आत मजेत उडणारे डास त्याला दाखवले. वितरकही वस्ताद होता. तो म्हणाला, "काका, हे तुमच्या सीमेवरचे डास. ह्यांना मराठी अगरबत्ती कळत नाही." मामा तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "मग कानडी दे." वितरकानं हसत हसत खोकं बदलून दिलं. बरणीतले डास मामांनी तिथंच सोडले, एवढा भाग ते सांगत नाहीत. तो मामी सांगतात.

समोरचा माणूस उपाशी असेल तर त्याच्याशी भांडायचं नाही, ही दुसरी पद्धत. पिशवीच्या एका बाजूला बिघडलेली वस्तू असते आणि दुसऱ्या बाजूला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दह्याचा डबा. "भुकेलं माणूस न्हाय म्हणायलाच बसलेलं असतंय. पोटात भाकरी पडली की जरा इचार करतंय." उमरग्याचा एक भांड्यांचा दुकानदार तर मामा रस्त्यानं येताना दिसले की आधी हात धुऊन येतो आणि मगच विचारतो, "आज काय फुटलं?" भरपाई म्हणून मामा पैसे घेत नाहीत. कुणी पाकीट काढलं की त्यांना एकदम कानडी सुचतं. "बेड, बेड," म्हणजे नको, नको, असं म्हणत ते हात मागं घेतात. वस्तूच्या बदल्यात वस्तू आणि सोबत 'आमचं चुकलं' एवढे दोन शब्द, हीच त्यांची मागणी. शब्द मिळाले नाहीत तर ते नवी वस्तूही घेऊन जात नाहीत.

मी कळंबच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. नव्या पुस्तकात पानं उलटी बांधलेली निघाली तर पुस्तक उलटं धरून वाचणारा माणूस. मामांना माझी फार कीव येते. "जावईबापू, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकामुळं कंपन्या नासल्या," असं ते मला प्रेमानं सांगतात.

निर्मलाला, माझ्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं तरी शाबूत राहिलं, पण अंथरुणातून उठणं गेलं. रोजच्या चादरी खराब होऊ लागल्या. आयुष्यभर घरादाराचे कपडे धुतलेली बाई. आपली चादर कुणी हातानं धुवावी हे तिला सोसवेना. धुण्याचं मशीन होतं म्हणून निभत होतं. मशीनला लाज नसते आणि मशीन कुणाला सांगत नाही, असं ती म्हणायची. त्या मशीनला ती इतकी जपायची, की बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतात हे टीव्हीवर ऐकून तिनंच मला मशीन साफ करायची पावडर आणायला लावली. पाकिटावर लिहिलं होतं तसंच सगळं केलं. दोनतीनदा ती पावडर वापरली, आणि एका सकाळी मशीन घरघरत जागेवरून सरकलं, दारातून पाणी बाहेर आलं आणि मोरीपासून पलंगापर्यंत पसरलं. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं. दाराचं रबर लिबलिबीत झालेलं, ड्रममागचा अॅल्युमिनियमचा आधार खाऊन गेलेला. "सर, ही पावडर न्हाय, तेजाब हाय," तो म्हणाला. मशीनवाल्यांनी सांगितलं, दुसऱ्याची पावडर वापरली, आता आमची जबाबदारी नाही. पावडरवाले फोनवर म्हणाले, तुमच्या भागातलं पाणीच वाईट. निर्मला म्हणाली, "पावडर मीच आणायला लावली."

त्यानंतर ती गप्प झाली. चादरी मी धुतो म्हटलं तर तोंड फिरवून रडायची. कामाच्या बाईनं हात लावलेला तर तिला मुळीच चालेना. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिनं पाणी पिणं कमी केलंय. चादर खराबच होऊ नये म्हणून. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टर रागावले: असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. मी विनवण्या केल्या. ती पेला ओठाला लावायची आणि खाली ठेवायची.

मामा आले ते ह्या वेळी. बिघडलेल्या मशीनची वार्ता त्यांना कुठून लागली कोण जाणे. आले, मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली, मग भाचीच्या उशाशी बसले. तिच्या शेजारच्या भरलेल्या तांब्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी त्यांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. ते आत गेले आणि नेहमीच्या दुकानदारी आवाजात म्हणाले,

"निमे, केस लई भारी हाय. पर पुरावा न्हाय."

"कसला पुरावा?" तिनं विचारलं.

"कंपनी म्हणतीया, पाणी वाईट. म्हंजी आपल्याला दाखवावं लागंल की ह्याच पाण्यात रोज धुणं धुतलं, रबर टाकलं, अॅल्युमिनियम टाकलं, तरी कायबी झालं न्हाय. त्यासाठी रोज चादरी पायजेत. खऱ्या मळलेल्या. उगं स्वच्छ धुऊन चालत न्हाय, पकडत्यात."

"मामा, काहीतरीच."

"काहीतरीच कसं? कायदा हाय. तू गप पड. तुझं काम निस्ता पुरावा द्यायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर मामा धोतर खोचून मोरीत बसलेले. टबात चादर, त्यात दुरुस्तीवाल्यानं काढून दिलेल्या रबराचा आणि अॅल्युमिनियमचा तुकडा. शेजारच्या बादलीत तसेच तुकडे, पण पावडर घातलेल्या पाण्यात. मी पुढं झालो तर ओरडले, "हात लावू नका जावईबापू! पुराव्याला दुसऱ्याचा हात लागला तर केस पडती." चादर दोरीवर टाकून ते आत आले आणि भाचीला म्हणाले, "एकच चादर? एवढ्यावर कंपनी हलायची न्हाय. पी की जरा पाणी."

निर्मला हसली. झटक्यानंतर तिचं तोंड हसताना एका बाजूला जायचं, म्हणून ती हसायची टाळायची. त्या दिवशी विसरली. तांब्या अर्धा झाला. संध्याकाळी मामांनी तक्रार केली, "दुपारच्याला पुरावा आलाच न्हाय," आणि उरलेला अर्धाही गेला. पुढं ती स्वतःच विचारू लागली, "मामा, आजचा पुरावा कसा होता?" ते गंभीरपणे सांगत, "फस्कलास. कोर्ट उभंच ऱ्हाईल." ताप उतरला.

मामा भाचीजवळून हलेनात, म्हणून त्यांनी माझ्या हातून पत्र घालून पावडर कंपनीच्या माणसालाच घरी बोलावलं. तो प्रतिनिधी लातूरहून आला तेव्हा भर दुपार होती. तरुण मुलगा, टाय लावलेला, घामाघूम. बसायच्या आधीच म्हणाला, "काका, मी फक्त माल विकतो."

"व्हय, व्हय. आधी जेव."

"नको, उशीर होईल."

"आमच्यात उपाशी माणसाशी भांडत न्हाईत. बस."

तो भाकरी, दही, शेंगांची पोळी जेवला. मग मामांनी त्याला मोरीत नेलं. चादरीच्या टबातले तुकडे होते तसेच होते. पावडरच्या बादलीतलं रबर बोटानं दाबलं तर भिजलेल्या पोळीसारखं तुटत होतं. "आता हे दोनी घिऊन मी धाराशिवला ग्राहक आयोगात जाणार," मामा म्हणाले. "तुमच्या सायबास्नी विचारून ठिवा, किती माणसं येणार. तेवढ्या भाकऱ्या कराव्या लागत्याल."

मुलानं फोटो काढले, बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा टाय सैल केलेला होता. कंपनी नवीन मशीन देईल, म्हणाला. मामांनी त्याला निर्मलाच्या पलंगाशी आणलं. "आता हिला सांग." तो गोंधळला, मग वाकून हळूच म्हणाला, "ताई, आमचं चुकलं. तुमची काही चूक नव्हती." पावडर मीच आणायला लावली, हे वाक्य निर्मला त्यानंतर पुन्हा कधी बोलली नाही.

मशीन आलं त्या दिवशी मामा परत निघाले होते. त्यांच्या घरात भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं. पडू लागली तर मामा मागं सरतो आणि उलट तिच्याच पायांना हात लावतो. आभार मानायची ती वाट बंद. निर्मलानं मला चाकाची खुर्ची मशीनपाशी न्यायला सांगितली आणि मामांना म्हणाली, "तुमचं धोतर काढा. पहिलं धुणं तुमचं."

"आगं, माझी एसटी जातीया!"

"जाऊ दे."

मामा माझा पायजमा घालून बसले. तो त्यांना घोट्याच्या बराच वर आला. निर्मलानं डाव्या हातानं एकेक धोतर, सदरा आत टाकला, दार लावलं आणि बटण दाबलं. काचेआड ते पांढरं कापड फिरू लागलं तेव्हा मामा कपाळावरचं भस्म पुसलं जाईल इतक्या जोरानं तोंड पुसत होते. घाम फार येतोय म्हणाले.

निर्मला गेली त्याला आता वर्ष होत आलं. मामा अजून महिन्यातून एकदा येतात. मुरुमहून उमरगा, तिथून धाराशिव, तिथून कळंब; पिशवीत मळलेले कपडे असतात. घरी सुना आहेत, मशीन आहे. पण त्यांचं म्हणणं, कळंबच्या पाण्यानं धोतर जसं निघतं तसं मुरुमला निघत नाही. आमच्या नळाच्या तोटीवर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो. तो त्यांनाही दिसतो, मलाही दिसतो. मी कपडे आत टाकतो, दोन कप चहा करतो, आणि धुणं होईपर्यंत आम्ही दोघं मशीनसमोर खुर्च्या टाकून निर्मलाबद्दल बोलत बसतो. परवा धुणं झाल्याची शिट्टी वाजली तेव्हा मी उठू लागलो, तर माझा हात धरून मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावईबापू. अजून एकदा फिरू द्या."