आईवर टाकलेलं नाव

माझ्या आईला त्यांनी चावडीच्या कट्ट्यावर बसवलं. दोघांनी हात धरले. तिसऱ्यानं केस धरून मान मागं वाकवली. चौथ्याच्या हातात तांब्या होता. तांब्यात चांभाराच्या कुंडीतलं पाणी. कातडं भिजवायच्या कुंडीतलं. काळं. वास असा, की बघायला आलेल्यांनीच नाकाला धोतराचा सोगा लावला होता.

‘तोंड उघड,’ तो म्हणाला.

आईनं उघडलं नाही. मग त्यानं तिचं नाक दाबलं.

मी बारा वर्षांची होते. बायकांच्या घोळक्यात उभी होते. एका बाईनं माझा दंड घट्ट धरला होता. मी धावून जाऊ नये म्हणून, की मला कुणी काही करू नये म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही.

भर दुपार होती. बाजाराचा दिवस नव्हता, तरी बाजाराएवढी माणसं होती.

आमच्या भागात मानतात, चेटकिणीला हे पाणी पाजलं की तिची विद्या बाटते. का बाटते? तर चांभार खालचा, म्हणून त्याच्या हातचं पाणी खालचं. म्हणजे एका बाईची अब्रू घ्यायला आणखी एका माणसाची अब्रू वापरायची. हे मला तेव्हा समजलं नव्हतं. सटवाप्पाला समजलं होतं.

सटवाप्पा आमच्या गावचा चांभार. म्हातारा माणूस. पाणी त्याच्याच कुंडीतलं होतं, न विचारता आणलेलं. तो गर्दीपासून लांब, त्याच्या लोकांनी उभं राहायच्या जागी उभा होता. आई ठसकत, ओकत खाली वाकली तेव्हा तो बोलला. ओरडला नाही.

‘सकाळधरनं माजे हात त्या पाण्यात हायती. मग माजे हात म्हंजी इख हाय व्हय?’

एकजण हसला आणि त्याला घरी जा म्हणाला. तो गेला.

आईनं काय केलं होतं ते सांगते.

आमचं गाव सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या बाजूचं. आम्ही धनगर. बाप मेंढरं घेऊन लांब लांब जायचा. एका वर्षी तो आला नाही, सांगावा आला. साप चावला होता. आईपाशी थोडी शेरडं राहिली आणि मी. गावाबाहेर माळावर आमचं खोपट होतं. बाप गेल्यावर आई ओटी भरायला देवळात गेली, तर पाटलाच्या घरच्या बायकांनी तिला पायरीवरच थांबवलं. रांडव बाई आत कशाला म्हणाल्या. आई भांडली नाही. तशीच माघारी आली. त्यानंतर ती कुठल्याच देवळात गेली नाही.

पण रिकामीही राहिली नाही. सकाळी उठली की पाय खाली टेकवायच्या आधी हात मातीला लावायची. हिवराची फांदी शेरडांसाठी तोडायची असली की आधी खोडाला हात लावून सांगायची, एवढीच घेते. पुनवेला दिवस मावळतीला गेला की आम्ही दोघी खोपटाबाहेर बसायचो. समोरून चांद वर यायचा, केवढा तरी मोठा, तांबडा. आई ओंजळीत शेळीचं दूध घ्यायची आणि मातीत सोडायची. मग महिनाभरात काय काय झालं ते सांगायची. कुठली शेळी व्याली, कुणाच्या घरी कोण गेलं, मी काय शिकले. मंत्र नाही, उदबत्ती नाही. घरच्या माणसाशी बोलावं तसं.

मी एकदा विचारलं, ह्यात देव कुटं हाय? आईनं ओले हात मातीला पुसले.

‘देव हाय का न्हाय, मला ठावं न्हाय पोरी. माती हाय. चांद हाय. आपुन हाय. एकमेकाला धरून ऱ्हायचं. कुणाचं वंगाळ चितायचं न्हाय, चितलेलं फिरून आपल्याच दारात येतं.’

एवढाच तिचा धर्म. त्याला नाव नव्हतं. नाव गावानं दिलं.

मग दुष्काळ पडला. विहिरी खडखडीत झाल्या. माणसं खडी फोडायला जाऊ लागली, लहान पोरं हगवणीनं जाऊ लागली. पाटलाचा नातू आजारी पडला. पाटलाच्या सुनेनंच शेळीचं दूध मागवलं होतं. आई घेऊन गेली. पोर पाळण्यात मलूल पडलेलं. आईनं सवयीनं भुईला हात लावला आणि मग तोच हात त्याच्या डोक्यावरून फिरवला. पोर त्या रात्रीच गेलं.

देवरशी बोलावला. त्यानं सांगितलं, एक बाई चांदाला दूध पाजती, तिनं पाऊस बांधलाय, तिचाच हात पोरावर पडलाय. नाव घ्यायची गरजच नव्हती. माळावर बसलेली आई येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसायची. ती कधी लपून करतच नव्हती.

पाटलाची सून त्या दिवशी चावडीवर आली नाही. तिचं पोर गेलं होतं. तिच्यावर माझा राग नाही. पण ‘दूध मीच मागवलं होतं’ एवढं एक वाक्य ती बोलली असती तर. ती बोलली नाही.

गुरुजींवर मात्र राग आहे. आमचे गुरुजी सोलापूरहून एसटीनं यायचे. ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे त्यांनी फळ्यावर गोल काढून आम्हाला शिकवलं होतं. राहू-केतू खोटे, भुतंखेतं खोटी. चावडीसमोरच एसटी थांबायची. ते पिशवी काखेत धरून थांब्यावर उभे होते. सगळं बघत होते. एसटी आली, ते चढले.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या शेजारी कुणी बसेना. चेटकिणीची पोरगी, चेटकिणीची पोरगी. गुरुजींनी मला व्हरांड्यात बोलावलं. आवाज एकदम मऊ.

‘तू काही दिवस येऊ नकोस. वातावरण निवळू दे.’

वातावरण हा शब्द मी त्यांच्याच भूगोलाच्या तासाला शिकले होते. ते निवळलं नाही. माझी सातवी तिथंच राहिली.

आई त्या पाण्यानं मेली नाही. मेली असती तर मी म्हटलं असतं, त्यांनी मारली. तिचं जे झालं ते त्याहून वाईट झालं.

मामा सोलापुरात मिलमध्ये कामाला होता. शेरडं विकून आम्ही त्याच्या चाळीत एक खोली घेतली. आई विड्या वळायला लागली. शेजारपाजार तेलुगू बोलणारा, विणकर लोकांचा. तिथं आमची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. मला वाटलं, आता सुटलो. पण आई आत आत जाऊ लागली. मातीला हात लावणं सोडलं. पुनवेला दार लावून घ्यायची. शेजारणीचं रांगतं पोर उंबऱ्यापाशी आलं की ही उठून मागच्या भिंतीला जाऊन बसायची. माझी वेणी घालणं बंद केलं. डोकं दुखतंय म्हटलं तरी कपाळाला हात लावेना.

एक दिवस विडीची पानं कातरता कातरता म्हणाली, ‘इतकी माणसं म्हणत हुती. माज्यात खरंच काय असंल का गं?’

मी न्हाय म्हणाले. परत परत म्हणाले. तिनं ऐकलं, मान हलवली. विश्वास ठेवला नाही.

त्या दिवशी मला कळलं, चावडीवर त्यांनी तिच्या पोटात नुसतं पाणी घातलं नव्हतं.

माझं लग्न झालं. नवरा यंत्रमागावर, माणूस साधा. मुलगी झाली. बाळंतपणाला आईपाशीच होते. मी पोर तिच्यापुढं धरलं तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ‘मला नगं. लांबूनच बघते,’ म्हणाली. आणि लांबूनही तिनं तोंडावर पदर ओढून, पदराच्या आडून बघितलं. नजर पडू नये म्हणून. महिनाभर मी रोज पोर पुढं करायची. रोज ती हात आत घ्यायची. आपल्या नातीला एकदाही हातात न घेता माझी आई गेली. शेवटी ताप आला होता. लोकांना मी सांगते, तापानं गेली.

ती गेल्यावर मी एका डॉक्टरांच्या घरी कामाला लागले. खाली दवाखाना, वर बंगला. एका पुनवेला आईची फार आठवण आली. मी माझ्या चहासाठीचं ओंजळभर दूध बागेतल्या मातीत सोडलं. डॉक्टरांच्या बाईंनी गॅलरीतून बघितलं आणि हाक मारली. मी खरं ते सांगितलं, माझी आई करायची.

‘हे जादूटोण्याचे प्रकार इथे नकोत. दवाखाना आहे हा. पेशंटनं बघितलं तर?’

मी तसं करणं सोडून दिलं. पोट भरायचं होतं.

मग थंडीत त्यांच्याकडे एक विलायतेची पाहुणी आली. डॉक्टर तिकडं शिकायला होते तेव्हाची ओळख. विजापूरला गोलघुमट बघायला निघाली होती, वाटेत मुक्काम. पुनव आली आणि बाईंनी शहरातल्या चांगल्या चांगल्या लोकांना संध्याकाळी गच्चीवर बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. दिवस मावळत होता. मिलच्या धुराड्यामागून चांद वर आला.

पाहुणी उठली. अनवाणी झाली. हातात काचेचा वाडगा, त्यात दूध. चांदाकडं तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोलली आणि दूध कुंडीतल्या मातीत ओतलं. मग खाली बसून मातीला हात लावला.

मी ट्रे घेऊन तिथंच उभी राहिले.

ती सांगत होती, बाई मराठीत करून सांगत होत्या. ह्याला विक्का म्हणतात. देऊळ लागत नाही, पुजारी लागत नाही. माती, पाणी, झाडं, चंद्र, ऋतू, आणि आपण त्यातलेच. ज्याची वाट त्यानं शोधायची. कुणाला इजा करायची नाही, जे दुसऱ्याला पाठवाल ते आपल्याकडंच परत येतं. एक वकील म्हणाले, किती खोल तत्त्वज्ञान आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी विचारलं, हे करणाऱ्या बाईला काय म्हणायचं?

‘विच,’ बाई म्हणाल्या. ‘म्हणजे आपली चेटकीण.’

सगळे हसले. पाहुणीही हसली, अभिमानानं. गच्चीवर तो शब्द किती हलका होता.

मग बाईंची नजर माझ्यावर गेली. ‘अगं, हिची आईसुद्धा असलंच काहीतरी करायची. इकडे ये. मॅडमना करून दाखव.’

‘न्हाय,’ मी म्हणाले.

‘लाजतेस कशाला? दूध आहे इथे.’

मी ट्रे कठड्यावर ठेवला. ‘माज्या आईला ह्याच्यासाठी चावडीवर बसवून चांभाराच्या कुंडीतलं पाणी पाजलं. सगळ्या गावासमोर. तिनं मरस्तवर माज्या पोरीला हात लावला न्हाय. हे दाखवायचं न्हाय बाई.’

पाहुणीनं बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं. मला इंग्रजी येत नाही, पण मी जेवढं बोलले होते ते एवढ्याशा दोन शब्दांत मावणारं नव्हतं.

‘बाई, पुरं सांगा,’ मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, मुख्याध्यापिका, आलेल्या होत्या, त्यांनी सांगितलं. सगळं, चांभाराच्या कुंडीसकट. पाहुणीचा चेहरा पडत गेला. ती बोलली. मोठ्या बाईंनी मला सांगितलं, त्यांच्या मुलखातही पूर्वी अशा बायांना फासावर दिलंय. म्हणून त्या बायांचं नाव आता आम्ही आपण होऊन घेतलंय, असं ही म्हणते.

पाहुणी खरं बोलत असेल. मला ती वाईट वाटली नाही.

‘तुमी आपल्या हातानं घेतलंया,’ मी म्हणाले. ‘माज्या आईवर टाकलं. तिला कुणी विचारलं न्हवतं.’

मोठ्या बाईंनी तेही सांगितलं, तेव्हा पाहुणीनं मान खाली घातली. मी जिना उतरले. बाई मागून कपबश्यांचं काहीतरी म्हणत होत्या. मी थांबले नाही. तिथलं काम गेलं.

चाळीपर्यंत चालत आले. रडत आले, खोटं कशाला सांगू. तेच दूध, तीच माती, तोच चांद. ते केल्यावर एकीच्या वाट्याला चहा आला, माना हलवणारे वकील आले. एकीला मान मागं वाकवून ते पाणी पाजलं. आणि मी इतकी वर्षं काय करत होते? माझी आई चेटकीण नव्हती, एवढंच. आईला, नवऱ्याला, स्वतःला सांगत होते. चावडीवर त्यांनी जो सवाल टाकला त्याचं मी अजून उत्तर देत बसले होते. त्यांना मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या पुनवेला मी चाळीच्या चौकात, मधोमध, पोरीला मांडीवर घेऊन बसले. शेजारणींनी आपापली मुलं आत ओढली. नवरा दारातून बारीक आवाजात आत ये म्हणत राहिला. मी उठले नाही. मातीला सगळं सांगितलं, आईचंही. मोठ्यानं. ज्यांना ऐकायचं त्यांनी ऐकावं म्हणून.

दोन दिवसांनी चाळीतली चार माणसं दारात आली. मुकादम पुढं.

‘हे चौकात चालायचं न्हाय,’ तो म्हणाला. ‘पोराबाळांची चाळ हाय. करायचं ते घरात कर, दार लावून.’

‘चौकातच करणार.’

‘मग तुला काय झालं तर आमाला सांगू नगं.’

‘मला कुणी हात लावला तर तुमच्या चौघांची नावं पोलीस चौकीत घालीन. माज्या आईच्या वक्ताला नावं सांगणारं कुणी न्हवतं. आता मी हाय.’

ते गेले. परत येतील. नवरा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. समोरची तेलुगू अक्का, जी माझ्या पोरीला भाताची पेज द्यायची, तिनं दार अर्धं लावून घेतलं. रात्री मला भीती वाटते. पोरीला भिंतीकडं निजवून मी दाराकडं निजते.

माती ऐकते का, मला माहीत नाही. आई परत येणार नाही. तिच्या मनात जे विष गेलं ते काढायला मला जमलं नाही, आणि ह्याचं दुःख मरेपर्यंत राहणार. पण येत्या पुनवेला मी चौकात बसणार आहे. त्याच्या पुढच्याही. मी काही दाखवणार नाही आणि काही लपवणारही नाही. ज्यांना बघवत नाही त्यांनी चाळ सोडावी. मी सोडणार नाही.