गाडीतला फोन काढला, त्याच्या दुसऱ्या दिवशी

आधी माझा मूर्खपणा कबूल करते, मग बाकीचं. गेल्या उन्हाळ्यात मी निव्वळ मत्सरापायी आमच्या जुन्या गाडीतला फोन काढायला लावला. मत्सर कुणाचा? माझाच! सांगते.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावास्येला नखं कापणारी बाई मी. सासूबाई दारावर लिंबू-मिरच्या बांधायच्या, त्यातल्या मिरच्या मी ठेच्याला घ्यायची. तेव्हा हे वाचून कुणी ‘म्हातारीला भ्रम झाला’ म्हणणार असेल तर खुशाल म्हणा, मीही तेच म्हटलं असतं.

ह्यांचं सातपूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. तीस वर्षांपूर्वी ह्यांनी एका व्यापाऱ्याकडून दुबईहून आलेली लांबलचक सेकंडहँड गाडी घेतली. तिच्यात दोन सीटच्या मधोमध फोन — जाडजूड काळा रिसीव्हर, वेटोळ्याची वायर, वर एक बारका हिरवा दिवा. तो फोन आपल्याकडे एकदाही लागला नाही, त्याला नंबरच नव्हता. पण मी तेव्हा अडतिशीत... गॉगल, नवी पर्स, आणि अकलेच्या नावाने शंख. भिशीच्या बायका दिसल्या की काच खाली करायची आणि रिसीव्हर कानाला — “हं, दिल्लीला कळवा, मी बिझी आहे.” दिल्लीत माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं! शेवटी जाऊबाईंनी चारचौघींत विचारलंच, “काय गं, गाडी बंद असली तरी दिल्ली लागते होय?”

तर ही अडतीस वर्षांची नटवी पुढे माझी सवत झाली.

चार वर्षांपूर्वी ह्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी चष्मा विसरले, मग पत्ता, मग मला. दिवसभर पार्किंगमध्ये त्या गाडीत बसायचे, रिसीव्हर कानाला लावून. “अगं, निघालोच. पोळ्या टाक. गजरा आणू का?” मी शेजारी चहा घेऊन उभी, तर मला म्हणायचे, “मावशी, जरा थांबा, घरचा फोन आहे.” मावशी! लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर! तिला रोज गजरा, आणि मला रोज रिकामा कप.

मी हसण्यावारी न्यायची... एक दिवस हसू संपलं. फोनच्या जागी नवा स्क्रीन बसवू, असं मुलगा नीलेश म्हणतच होता. मी म्हटलं, आजच काढा. गाडी पेठ नाक्याजवळच्या युसूफभाईंच्या गॅरेजमध्ये गेली. त्यांनी वायर कापली, फोन बाहेर काढला, आणि मधलं भगदाड बुजवायला गाडी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना इन्सुलिन देऊन मी उपमा आणायला आत गेले. बाहेर येते तो दार सताड उघडं. हे नाहीत.

मे महिना. पायात चप्पल नाही. इन्सुलिन घेतलेलं आणि पोटात कण नाही — ज्यांच्या घरी शुगर आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. नीलेश रामकुंड, बसस्टँड सगळीकडे धावला. सुनेनं फोटो ग्रुपवर टाकला. मी शेजारणीला घेऊन चौकीत. हवालदार म्हणाले, “आजी, नाव सांगा त्यांचं.” ...आणि माझी जीभ उचलेना! उखाण्याबाहेर मी ह्यांचं नाव कधी घेतलेलंच नव्हतं. माणूस जिवाला मुकायची वेळ, आणि माझ्या मर्यादा शाबूत! शेवटी शेजारणीनं सांगितलं.

तीन वाजत आले. गाडीच्या मागावर गेले असतील, या एका आशेवर रिक्षानं गॅरेज गाठलं. तिथेही नव्हते. युसूफभाई म्हणाले, “भाभी, बैठो, पानी लो.” समोर टेबलावर नटबोल्टांत तो फोन पडला होता, कापलेल्या वायरची टोकं बाहेर आलेली.

मी तो उचलला. का ते विचारू नका, दुसरं काही उरलंच नव्हतं. “अहो... अहो, कुठे आहात?” काही नाही. नसणारच! मग माझा बांध फुटला. मी किंचाळले, “दिनकर! ऊठ! दिनकर, घरी ये!” चक्क अरे-तुरे. गॅरेजमधली ठोकाठोक थांबली.

आणि कानात खरखर झाली... मग ह्यांचा आवाज. आंघोळीला बसलेले असताना हाक मारली की देतात तसा, वैतागलेला — “आलो, आलो.” बस्स, एवढंच.

युसूफभाई माझ्याकडे नाही, फोनकडे बघत होते. “भाभी... लाइट जल रही है.” हिरवा दिवा! माझ्या हातून रिसीव्हर सुटला, दिवा विझला. “याच्यात बॅटरीच नाही,” ते पुटपुटले, “करंट गाडीतून यायचा. वायर तर मीच कापली ना...”

पाऊण तासानं माझा मोबाईल वाजला. नीलेश. सापडले! मखमलाबादच्या पुढे, मळ्यात झेंडू तोडणाऱ्या एका बाईला. ह्यांच्या खिशावर मी नीलेशचा नंबर शिवून ठेवला होता, तो बघून तिनं फोन केला होता. मी पोचले तेव्हा ती त्यांना गुळाचं पाणी पाजत होती.

“आजी, बाबा पाटाच्या कोरड्या चारीत पडेल व्हते,” ती म्हणाली. “दोनदा बांधावरून गेले मी, दिसलेच नाय. मंग येकदम कानाला हात लावून उठले, ‘आलो, आलो’ करत. मला वाटलं फोनवर हायेत, तर हातात काहीच नाय! लय भ्याले मी.”

“कधी गं?”

“तीनला आमची लाइट येती. मोटर चालू कराया निघाले व्हते, तवाच.”

डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास तिथे पडून राहिले असते तर...

नीलेश म्हणतो, भास आणि योगायोग. असेल बाबा. मग दिव्यालाही भास झाला का?

त्या संध्याकाळी सलाइन लावलेल्या हातानं ह्यांनी मला जवळ बोलावलं. इकडेतिकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मावशी, एक बाई फोनवर माझं नाव घेऊन ओरडत होती. चांगली होती हो बिचारी, तिच्यामुळेच उठलो मी. पण आमच्या हिला सांगू नका... तिला फार राग येतो.”