पाणी कुणाच्या उंबऱ्याला?

क्युसेक म्हणजे नेमकं किती पाणी, हे तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगता येईल? मला येत नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या माझ्या आत्याच्या कृष्णाकाठच्या गावात ते एकाच माणसाला कळतं, आणि माझं तर मत आहे की खुद्द कृष्णेलाही स्वतःबद्दल एवढी माहिती नसेल. हा माणूस म्हणजे आत्याचे मोठे दीर. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले; सगळं गाव त्यांना आबा म्हणतं.

आबा पाणी फुटात मोजत नाहीत, मीटरात तर नाहीच. त्यांची मापं म्हणजे पाराला पाणी, गिरणीला पाणी, मारुतीच्या पायाला पाणी. घराच्या दर्शनी भिंतीवर प्रत्येक पुराची रेघ वेगळ्या रंगाच्या ऑइलपेंटने ओढलेली आहे. दिवाळीत रंगाऱ्याने त्यातल्या दोन रेघा चुकून पुसल्या, त्याच्याशी आबा अजून बोलत नाहीत. फ्रिज त्यांनी सिमेंटच्या ओट्यावर इतका उंच चढवलाय की दूध काढायला आत्याला स्टुलावर उभं राहावं लागतं. "आबा, विरजण लावायला शिडी लागती मला," ती कुरकुरते. "लागू दे. पुरात फ्रिजला होडी लागंल, त्यापरीस शिडी बरी!" पुतणीला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी मुलाची नोकरी विचारली नाही, शेती विचारली नाही. "घराचं जोतं किती पायऱ्यांचं हाय?" एवढंच विचारलं. कोयनेकडच्या पावसासाठी त्यांनी पाटणचे व्याही नेमलेत आणि कृष्णेसाठी मला, कारण मी वाईची. पावसाळाभर रोज सकाळी फोन. "पोरी, घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या?" एकदा मी अंथरुणातूनच "सात-आठ असतील" म्हटलं. "सात का आठ? तुजी एक पायरी म्हंजे हितं कुणाचं तरी घर असतंय. जा, बघून ये." गेले मुकाट्याने. आठ होत्या.

रेघा जुन्याच, पण हे मोजमापाचं वेड मात्र त्यांना 'क्युसेक' या एका शब्दामुळे लागलं. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून घोषणा झाली होती, धरणातून इतके इतके हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले आहे. आता गावात पाणी सोडलं म्हणजे नळाला आलं! शेजारी शिलाईकाम करणाऱ्या चाचीने हंडे मांडले, निम्मी गल्ली नळावर नंबरासाठी भांडायला लागली. पाणी आलं, पण मागच्या दाराने. होड्यांनी सगळी माणसं बाहेर काढली, एकही जीव गेला नाही. चाचीच्या तीन शिलाई मशिनी मात्र गावभरच्या लग्नाच्या कापडांसकट चिखलात गेल्या. वरच्या कागदांवर "जीवितहानी नाही" एवढं लिहून प्रकरण मिटलं. माझं डोकं फिरलं. मी एक जळजळीत पत्रक लिहून आबांना दाखवलं.

"झ्याक लिवलंयस," ते म्हणाले. "पर पुढच्या पुरात ह्ये भिजंल. माजी भिंत भिजली तरी वाचता येती." मग म्हणाले, "माज्या आज्याच्या वक्ताला पूर वसरला की लोकं माणसं हुडकत हिंडायची. आता माणसं हायती, ती संसार हुडकत्यात. सुधारलंय, न्हाई म्हणू नगंस. पर निम्मंच. चाचीची मशीन म्हंजे चाचीचा हातच की!"

पुढच्या पुराला आबांनी माझ्या पायऱ्या, व्याह्यांचा पाऊस आणि धरणाचे क्युसेक भिंतीवरच्या रेघांशी जुळवले आणि भोंगा स्वतःच्या ताब्यात घेतला. "ऐका! उद्या दुपारपातूर चाचीच्या उंबऱ्याला पाणी. परवा मारुतीच्या पायाला. नळ न्हवं रं, नदी!" चाची तावातावाने पंचायतीत आली. "आवं आबा, गावाला सांगायला माझाच उंबरा घावला व्हय?" "तुमचाच समद्यात खाली हाय, चाची. पयला मान तुमचा." तिच्या नव्या मशिनी ट्रॅक्टरवर चढल्या आणि माळावरच्या शाळेत उतरल्या. मागोमाग गिरणीची मोटर, फ्रिज, गाद्या, म्हशी, सगळं गाव निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी चाचीच्या उंबऱ्याला लागलं, तेव्हा शाळेच्या वर्गात तिची मशीन खडखडत होती. ती आबांच्या भोंग्याला पावसाळी खोळ शिवत होती.

आता आबांच्याने पंचायतीच्या पायऱ्या चढवत नाहीत. भिंतीवरचे रंगही नीट दिसत नाहीत, रेघा बोटांनी चाचपून कुठली कुठल्या पुराची ते सांगतात. भोंगा चाचीकडे गेलाय. ती बोलते, आबा खाली खुर्चीत बसून चुका काढतात. परवा मी गावाहून निघताना त्यांनी माझा हात भिंतीवरच्या रेघेवर ठेवला. "माज्या गावचं लोकांस्नी किती सांगशील, पोरी? त्यांच्या गावचं त्यांनी इच्चाराय पायजे."

म्हणून एवढं कराच. पावसाळ्याआधी तुमच्या गल्लीतला सगळ्यात खालचा उंबरा शोधा. कुणा म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन जुन्या पुराची रेघ भिंतीवर ओढा. आणि भोंग्यावर पुन्हा क्युसेक ऐकू आले की तडक पंचायतीत जाऊन विचारा, कुणाच्या उंबऱ्याला? उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.