विमानांची वही

पुंडलिकनगरचा हा रिक्षावाला रोज दुपारी विमानतळाच्या भिंतीबाहेर उभा राहतो आणि उतरणाऱ्या विमानाचा नंबर वहीत लिहितो. स्वतः तो विमानात कधी बसलेला नाही.

परवा हवालदारानं त्याला हटकलं, तेव्हा मोर्चासाठी निषेधाच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी रिक्षातच होतो.

"नंबर कुणाला देतो रे?"

"कुणाला नाय साहेब. आवडतं म्हणून लिहितो."

आवडीसाठी हवालदाराच्या कागदावर रकाना नव्हता. समोर मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून वऱ्हाडी त्याच विमानाचे व्हिडिओ काढत होते. त्यांच्यापासून देशाला धोका नव्हता.

मी कायदा विचारायला तोंड उघडलं, तर यानंच मला अडवलं. "थांबा दादा, ते नंबर चुकीचा लिहायलेत." मग स्वतःविरुद्धच्या तक्रारीत त्यानं विमानाचा नंबर, वेळ, मॉडेल सगळं दुरुस्त करून दिलं.

नऊ वर्षांची वही जप्त झाली. देता देता त्यानं ती पुन्हा उघडली. "आजचं राहिलंय साहेब. तेवढं लिहू द्या, मग घ्या." हवालदारानं आपलाच पेन दिला.

अर्ध्या तासानं तेच विमान परत उडालं. त्यानं रिक्षा कडेला घेतली, वर पाहिलं आणि माझ्या हातातल्या निषेधाच्या पत्रकांकडे बोट केलं.

"दादा, मागनं कोरी हायेत ना?"