खटकामामांच्या हातातला बल्ब

माझं सुट्या भागांचं दुकान, समोर खटकामामांचं. ते मोटारसायकलींचं वायरिंग करायचे. जुन्या गाडीच्या हँडलवरचे खटके मोडले की तसेच पुन्हा मिळत नाहीत. नव्या मॉडेलचे आणून जुन्या वायरिंगला जुळवावे लागतात. कुठल्या रंगाला कुठला रंग जोडायचा, तिथेच सगळी मेख. नुसता रंगाला रंग जोडून भागत नाही, हॉर्न दाबावा तर हेडलाइट जातो. आमच्याकडे हे काम फक्त मामांना जमायचं, म्हणून हे नाव.

शेजारी स्टुलावर मामी असायच्या. मामा एकेक वायर वर धरायचे, मामी सांगायच्या, "चॉकलेटी. वर पांढरी रेघ."

आम्ही चिडवायचो, "मामा, सोडा की मामींना घरी!"

"मी गेले तर हे इंडिकेटरला हॉर्न लावतील," मामी हसून म्हणायच्या. आम्हाला ती थट्टाच वाटायची.

बावीस वर्षं हे असंच चाललं. मग मामींचं पोटाचं दुखणं निघालं आणि तीन महिन्यांत त्या गेल्या. एका निवृत्त पोस्टमनची जुनी गाडी तेव्हा मामांकडे अर्धवट उघडून ठेवलेली होती. पोस्टमन बिचारा चौकशीलाही आला नाही.

महिन्याभराने मामांनी शटर वर केलं. मी चहा घेऊन गेलो, तर त्यांनी दोन वायरी माझ्यापुढे धरल्या.

"यातली हिरवी कुठली रे?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून. तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं."

"मी बसतो ना शेजारी," मी म्हटलं.

"नको."

मग त्यांनी खणातून एक छोटा बल्ब काढला, त्याला दोन वायरी लावल्या आणि बॅटरीवरून एकेक खटका दाबून पाहू लागले. बल्ब लागला की त्या वायरीला कागदाची पट्टी चिकटवायची, तिच्यावर लिहायचं: हॉर्न, डिपर, डावा इंडिकेटर. जुनं वायरिंगही तसंच तपासलं. मग कापलं, सोल्डर केलं, वर नळी चढवली. तिसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे चालू लागलं. पोस्टमन हॉर्न वाजवतच गाडी घेऊन गेला.

"मामा, जमलं की हो!" मी म्हणालो.

मामा फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडू लागले.

"जमलं, म्हणूनच तर. लग्नानंतर तिचं शिवणाचं दुकान ठरलं होतं. जागा बघितलेली, मशीन घेतलेली. मी म्हटलं, मग मला रंग कोण सांगणार? तिने तोंडातून ब्र काढला नाही. आणि हा बल्ब तेव्हापासून माझ्या खणात होता. वेळ लागतो म्हणून मी कधी हातात घेतला नाही. तीन दिवस लागले रे. फक्त तीन दिवस."

रविवारी त्यांची मुलगी आली. मी तिथेच होतो. मामांनी तिला सगळं सांगितलं. आईला इथंच बरं वाटायचं, असं काहीतरी ती म्हणेल अशी त्यांना आशा होती.

ती म्हणाली, "आईला ते दुकान हवं होतं, बाबा."

"माझ्यावर राग होता का तिचा?"

"मला कधी बोलली नाही."

"अगं, नव्हता म्हण. खोटं तरी बोल."

मुलीने त्यांचा हात हातात घेतला. पण बोलली नाही.

त्यानंतर मामांनी पाच वर्षं काम केलं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधीच सांगत, "मला रंग नीट कळत नाहीत. वेळ लागेल. चालेल का?" काही जण गाडी वळवून निघून जात. पण बरेच जण थांबत.